दहा डॉलरच्या पोस्टरची जाहिरात

२ जून, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. यशस्वी माणसं लिहितात असं एका व्हिडिओत ऐकलं. पुढे लोक विचारतील, सुरुवात कशी केलीत? तेव्हा तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

छापखान्यातली नोकरी सोडून तीन महिने झाले. मालकाने सगळ्यांनाच घरी पाठवलं, पण मी मनाने आधीच सोडली होती, त्यामुळे मी सोडली असंच धरतो. आता स्वतःचा धंदा. लोगो, पोस्टर, बायोडेटा, अंत्यविधीची पुस्तिका. काहीही घ्या, दहा डॉलर. फिजीतल्या या अख्ख्या लौटोका शहरात एवढं स्वस्त कोणी करत नाही. अडचण एवढीच की हे लौटोकाला माहीत नाही.

बायकोशी बोलणं झालं. अकानिसी कष्टाळू आहे, पण तिला धंद्याची नजर नाही. ती बाजारातल्या गुजराती दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईला सांभाळायला जाते. तिची मावसबहीण गेल्या महिन्यात ऑस्ट्रेलियाला गेली, वृद्धाश्रमात कामाला, चार वर्षांच्या करारावर. अकानिसी म्हणाली, नाताळपर्यंत तुझं बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर मीपण नाव घालते. आमची मुलगी मिलिका आत्ता सहाची आहे, करार संपेल तेव्हा दहाची होईल, हेही तिनेच सांगितलं.

मी म्हटलं, काळजीच सोड, नाताळपर्यंत मला हाताखाली माणसं ठेवावी लागतील. तिने मिलिकाच्या शाळेच्या खर्चाचा डबा उतरवून आतले पैसे मोजले. पटलं असावं.

४ जून

निर्णय झाला. पैसे देऊन जाहिरात करायची. फोनवर, लौटोकाभोवती तीस किलोमीटरच्या घेऱ्यात. रोजचे दहा डॉलर. जितक्या लोकांनी जाहिरात दाबली, तितके पैसे कापायचे. कोणी दाबली नाही तर खर्च शून्य. यात तोटा होऊच शकत नाही.

मेव्हणा आला होता. वाइसेया टॅक्सी चालवतो आणि माझी थट्टा करणं हा आपला जन्मसिद्ध हक्क समजतो. आमच्याकडे बायकोच्या भावाला तो हक्क असतोच. म्हणाला, 'दाजी, जाहिरात दिवसाला दहा, पोस्टर दहाला. म्हणजे रोज एक पोस्टर विकलंस तर फुकटात काम. आणि नाही विकलंस तर वर तूच पैसे द्यायचे. तुझ्यापेक्षा माझी टॅक्सी बरी, उभी असली की निदान पेट्रोल तरी पीत नाही.'

वाइसेयाला मार्केटिंग कळत नाही.

५ जून

जाहिरात सुरू. माझा फोटो, खाली नाव, खाली गावाचं नाव. विश्वास बसावा म्हणून. लोक माणूस बघून काम देतात.

७ जून

चार हजार जणांनी पाहिली! निरोप किती आले ते मोजायचं सोडून दिलं.

पहिला निरोप: 'केरेकेरे, इलियेसा, मी तुझ्या आजीच्या बहिणीचा नातू. बायोडेटा करून दे.' दुसरा: 'केरेकेरे, आपण एका गावचे.' तिसरा एका शिक्षिकेचा. म्हटलं ही तरी परकी. तिची आई माझ्या वडिलांच्या कुळातली निघाली. केरेकेरे.

आता नात्यातल्या माणसाने केरेकेरे म्हटलं की त्याला नाही म्हणायचं नसतं, आणि त्याच्याकडे पैसेही मागायचे नसतात. माणूस असाच वागतो. त्यामुळे सगळी कामं घेतली. नमुने तयार होतील. बहुतेक बायोडेटे ऑस्ट्रेलियाला जाण्यासाठीच आहेत. माझ्या हातून लोक परदेशी चालले, हेही काही कमी नाही.

१५ जून, रविवार

पाद्रीबाबांनी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. म्हणाले, देवाने इलियेसाला कला दिली आहे. मला वाटलं जाहिरातच. मग म्हणाले, चर्चच्या वर्धापनाची पुस्तिका तोच करेल. चाळीस पानं. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. अकानिसीने म्हटलं नाही.

जेवायला नारळाच्या दुधातला मासा. चव लागली नाही. बहुतेक डोक्यात सतत धंदा असतो म्हणून.

२८ जून

चूक सापडली. दोष जाहिरातीचा नाही, माझ्या चेहऱ्याचा आहे. लोक ओळखतात. ओळख आली की नातं आलं, नातं आलं की केरेकेरे. तेव्हा फोटो काढून टाकला. नाव काढलं. गाव काढलं. आता नुसतं 'पॅसिफिक प्रीमियम डिझाइन' आणि एका गोऱ्या माणसाचा टायवाला फोटो. किंमत तीच. प्रीमियम, पण दहा डॉलर.

अकानिसी म्हणाली, हा कोण? मी म्हटलं, हा मी, व्यावसायिक अर्थाने. ती बराच वेळ त्या फोटोकडे बघत होती. मग म्हणाली, टाय छान आहे.

५ जुलै

सकाळी दारात नेमानी मामा. सोबत गावचे तिघे. बसने आलेले, अंतर थोडं पण डोंगरातला दोन तासांचा रस्ता, चौघांचेही चेहरे उतरलेले. चटईवर बसले आणि चहाला नको म्हणाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मामा म्हणाले, 'भाच्या, ऐकलं ते खरं का? तू गावाचं नाव पुसलंस?' मी म्हटलं, पुसलं नाही मामा, जाहिरातीतून काढलं. ते म्हणाले, 'आणि स्वतःचं तोंड?' मी म्हटलं, तेही काढलं, पण फक्त तीस किलोमीटरपुरतं. बरोबरचे एक काका म्हणाले, 'आमची लाज वाटायला लागली तर सांग बाबा, आम्ही समोरून जाणार नाही.' मामांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाजारात पळालो, माफीच्या रीतीप्रमाणे यांगोनाच्या मुळांची मोठी जुडी आणली, मामांसमोर ठेवली, मान खाली घालून माफी मागितली. त्यांनी टाळ्या वाजवून माफ केलं. मग तीच यांगोना कुटून, पाण्यात कालवून सगळे दिवसभर पीत बसले. वाइसेयाला वासच येतो, तोही आला. जुडीचे पैसे महिन्याच्या जाहिरातीपेक्षा जास्त झाले. जनसंपर्क खात्यात टाकतो.

पितापिता मामांनी विचारलं, हा धंदा चालतो तरी कसा? मी नीट समजावलं. फोनवर जाहिरात दिसते, माणूस ती दाबतो, त्यातून पुढे सगळं होतं. मामा म्हणाले, 'म्हणजे दाबली पाहिजे.' मी म्हटलं, अगदी बरोबर. ते म्हणाले, 'मग गाव तुझ्या पाठीशी आहे.' फार बरं वाटलं. नाव मात्र परत घातलं नाही. मामा म्हणाले, राहू दे, मनात गाव आहे ना, झालं.

१२ जुलै

चमत्कार! सकाळी सातच्या आत जाहिरातीचे सगळे पैसे संपतात. म्हणजे लोक उठल्याउठल्या मला शोधतात. निरोप मात्र एकही नाही. खोल विचार करत असतील.

रोजची रक्कम वीस केली.

१४ जुलै

वीसही सातला संपले.

१९ जुलै

कारण कळलं. मामांचा फोन आला. खुशीत होते. म्हणाले, 'धंदा कसा आहे? आम्ही रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळे मिळून दाबतो. म्हाताऱ्यांना दिसत नाही, त्यांची मुलं दाबतात. वरच्या आळीत फोन लागत नाही, ते टेकडीवर येऊन दाबतात.' मी विचारलं, किती जण? म्हणाले, 'सगळे. ज्याने दाबलं नाही त्याला मी विचारतो.'

एका दाबण्याचे किती पैसे कापले जातात ते मला माहीत आहे. मी मामांना म्हटलं, विनाका, मामा. म्हणजे आभार मानले. दुसरं काय म्हणू? टेकडी चढून येतात.

हे वाइसेयाला सांगितलं, तिथेच चुकलो. त्याला टॅक्सी बाजूला घ्यावी लागली इतका हसला. म्हणाला, 'दाजी, जगात लोकांना दुश्मन बुडवतात. तुला प्रार्थना करून बुडवतायत.' मला हसू आलं नाही. रागही आला नाही. काहीच आलं नाही. हल्ली बरेचदा काहीच येत नाही. व्हिडिओतला माणूस यालाच एकाग्रता म्हणतो.

३ ऑगस्ट

उपाय: घेरा बदलला. लौटोका बंद, फिजी बंद. आता ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड. तिथे मला कोणी ओळखत नाही. तिथल्या माणसाला दहा डॉलर म्हणजे एक कॉफी. स्वस्तपणाची खरी किंमत श्रीमंतालाच कळते.

पैसे मिलिकाच्या शाळेच्या डब्यातून उसने घेतले. अकानिसीला सांगायचं राहिलं.

६ ऑगस्ट

मामांचा फोन: 'भाच्या, तू दिसत नाहीस. आजारी आहेस का?'

९ ऑगस्ट

क्लायंट!! खरा, परका, पैसे देणारा. नाव बेव्ह. बाई आहे. क्वीन्सलँडमधल्या एका वृद्धाश्रमाचं काम बघते. जाहिरात पाहून आली, असं तिने स्वतः लिहिलं. आमच्यात दूरदूरचं नातं नाही. मी आईला फोन करून खात्री केली.

तिला पोस्टर हवंय. फिजीतून काम करणाऱ्या बायका पाहिजेत, म्हाताऱ्यांची सेवा, चार वर्षांचा करार. मजकूर सुचवा म्हणाली. मी रात्रभर बसलो. असं काम पुष्कळ दिवसांत केलं नव्हतं. निळा समुद्र, वर पांढरी अक्षरं. इंग्रजी आणि आपली फिजियन, दोन्ही.

सकाळी बेव्हचं उत्तर: सुंदर. पैसे आले. दहा डॉलर.

म्हणजे सिद्ध झालं. पैसे देऊन जाहिरात करणं परवडतं. वाइसेयाला फोन करून सांगितलं. त्याने विचारलं, या एका बाईपर्यंत पोचायला किती गेले? मी फोन ठेवला.

१० ऑगस्ट, रविवार

पोस्टर छापून भिंतीवर लावलं, नमुना म्हणून. अकानिसी ताटं घेऊन जाताना थांबली. उभ्याउभ्याच सगळं वाचलं. म्हणाली, 'हे खरं आहे, की तू आपलं लिहिलंयस?' मी म्हटलं, प्रत्येक शब्द खरा, बाईने तपासलाय. म्हणाली, 'राहायची खोली देतात?' देतात. 'एजंट नाही मध्ये?' नाही. 'चांगलं लिहिलंस. वाचताना भीती जाते.'

लग्नाला आठ वर्षं झाली. माझ्या कामाबद्दल ती पहिल्यांदा असं बोलली. मी दिवसभर खूश होतो.

२२ ऑगस्ट

बेव्हने लौटोकात सगळीकडे पोस्टर लावून घेतलंय. बाजारात, बसस्टँडवर, आरोग्यकेंद्रात. मी मुद्दाम फेरी मारून आलो. बायका उभं राहून वाचत होत्या. एकीने फोटो काढला. उसाच्या गाड्या सुरू आहेत, साखर कारखान्याच्या धुराड्याची राख पोस्टरवर बसते. मी रुमालाने पुसलं.

५ सप्टेंबर

अकानिसीने नाव घातलं. बेव्हच्या आश्रमासाठी. मला सांगितलं, जेवण झाल्यावर, भांडी घासताना. मी म्हटलं, नाताळ ठरला होता. म्हणाली, 'शाळेचा डबा रिकामा आहे, इलियेसा.'

मग म्हणाली, कागद करायचे आहेत, तू लोकांचे करतोस, माझाही बायोडेटा कर. केला. वीस वर्षांत ती किती काय शिकलीय ते लिहून काढल्यावर दिसलं. म्हाताऱ्यांना उचलणं, भरवणं, रात्री उठणं, न चिडणं. 'न चिडणं' इंग्रजीत कसं लिहायचं याचा बराच वेळ विचार केला. हा माझा सर्वोत्तम बायोडेटा आहे. पैसे घेतले नाहीत.

एवढ्या अर्जांत निवड होणार नाही. स्पर्धा जबरदस्त आहे. पोस्टरच तसं झालंय.

३० सप्टेंबर

निवड झाली.

अभिनंदन केलं. तिनेही केलं माझं, का ते कळलं नाही.

१८ ऑक्टोबर

आज ती जवळ येऊन बसली. मिलिका झोपली होती. म्हणाली, 'मला जायचं नाहीये. खरं सांगते. तू नुसतं म्हण, जाऊ नकोस. आणि म्हण की सोमवारपासून वाइसेयाची टॅक्सी रात्रीची चालवशील. तो द्यायला तयार आहे, मी विचारलंय. मग मी कागद फाडते.'

मी तिला समजावलं. आत्ता धंदा सोडणं म्हणजे पीक हाताशी आल्यावर शेत विकणं. एक क्लायंट आला, म्हणजे रस्ता आहे. नाताळच्या मोसमात मोठी जाहिरात करायची योजना आहे, तिचा आराखडाही दाखवला. रंगीत केला होता. तिने पूर्ण पाहिला. शेवटी म्हणाली, 'बरं.'

मी टॅक्सी चालवणारा माणूस नाही. हे तिला कळायला हवं.

नंतर बराच वेळ छताकडे बघत होतो. काही वाटतंय का ते तपासत होतो. पाय गार पडले होते, एवढंच.

१४ नोव्हेंबर

नांदीच्या विमानतळावर सोडून आलो. सगळं गाव आलं होतं. मामांनी प्रार्थना केली. गाताना सगळे रडले, वाइसेयासुद्धा, आणि तो थट्टा करायचा विसरला हे मला आवडलं नाही. मिलिका आईच्या फुलांच्या हाराला धरून होती, सोडेना. हार तुटला. फुलं मी गोळा केली, कारण कोणीतरी करायला हवी होती.

अकानिसी आत गेल्यावर शेजारच्या बाईने मला सांगितलं, तिची मुलगीही त्याच विमानात आहे, बसस्टँडवरचं पोस्टर बघून चालली. मी सांगणार होतो पोस्टर कोणाचं ते. नाही सांगितलं. मार्केटिंगची संधी घालवली.

३ डिसेंबर

नाताळची जाहिरात सुरू होती. अकानिसीने पाठवलेल्या पैशांतून. तिला म्हटलं गुंतवणूक आहे. ती म्हणाली, मिलिकाचे बूट घेतलेस ना? घेतो म्हटलं. संध्याकाळी जाहिरात थांबवली. तात्पुरती. बूट घेतले.

२५ डिसेंबर

व्हिडिओ कॉल. अकानिसीला तीनच मिनिटं होती, कोणी आजोबा तिला सोडत नव्हते. मिलिकाने नवे बूट फोनसमोर धरले. त्यांच्याआड तिला आई दिसली नाही, आईला फक्त बूट दिसले.

टिनातले मासे आणि कसावा. वाइसेयाने कोंबडी आणली, मी म्हटलं नको, मग खाल्ली. तो म्हणाला, टॅक्सी अजून रात्रीची उभीच असते. मी म्हटलं, बघू. त्याने थट्टा केली नाही. हल्ली करत नाही.

११ जानेवारी

मिलिकाने विचारलं, बाबा, तुमचं ऑफिस कुठे आहे? मी टेबल दाखवलं. ती म्हणाली, हे तर जेवायचं टेबल आहे. मी म्हटलं, दोन्ही.

७ फेब्रुवारी

बेव्ह! पुन्हा! मोठं पत्र लिहिलंय. पहिल्या पोस्टरने सगळ्या जागा भरल्या, त्यांना असा अनुभव कधी आला नव्हता. आता आणखी तीन आश्रम उघडतायत आणि वर्षभराचं सगळं काम 'पॅसिफिक प्रीमियम डिझाइन'ला द्यायचं ठरलंय. दर महिन्याला पोस्टरं. दरही वाढवा म्हणाली, स्वतःहून. घर चालेल एवढं काम आहे. व्यवस्थित चालेल.

बरोबर म्हणत होतो मी. जून महिन्यात म्हणालो होतो. फक्त नाताळ उलटून गेला.

अकानिसीला फोन केला. कामावर होती. करार मध्येच सोडता येतो का, ते विचारायचं होतं. संध्याकाळी तिने फोन केला, मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'मध्येच सोडलं तर विमानाचे पैसे परत मागतात. आणि इलियेसा, आता म्हणतोयस.' ओरडली नाही. मला वाटतं, न चिडण्याची तिला सवय झालीय.

९ फेब्रुवारी, रात्री

बेव्हचा पहिला मजकूर आला. या वेळी समुद्र नको, माणूस हवा. खरी काम करणारी बाई, आनंदी चेहऱ्याची. त्यांच्याकडे एक फारच छान आहे, सगळ्या म्हाताऱ्यांची लाडकी, तिचा फोटो पाठवतेय, असं लिहिलं होतं.

फोटो उघडला. अकानिसी. निळा गणवेश, छातीवर नावाची पट्टी. केस बारीक कापलेत. मला सांगितलं नव्हतं. ही माझी बायको, हे बेव्हला माहीत असायचं कारण नाही. माझं नाव कुठेच नाही.

फोटो चांगला आहे. उजेड बरोबर पडलाय. मागची भिंत काढून टाकली, गणवेशाचा निळा थोडा उजळ केला. पाठवला.

बेव्हचं लगेच उत्तर: उत्तम. फक्त एक बारीक बदल. बाई जरा थकलेली वाटते. हसू थोडं वाढवता येईल का?

येतं. त्याचं साधन आहे. ओठांचा कोपरा धरायचा आणि वर ओढायचा. डावीकडचा झाला. उजवीकडचा वर नेला की ती अकानिसी वाटत नाही, म्हणून पुन्हा खाली आणतोय.